खाचेतला खेळ

गेल्या वर्षी आरशासाठी सागाची अष्टकोनी चौकट करायला घेतली. ६० मिमी रुंदीच्या पट्ट्या, आठ बाजू, सोळा काप आणि प्रत्येक काप साडेबावीस अंशांचा. टेबल सॉबरोबर आलेल्या मायटर गेजचा काटा साडेबावीसच्या रेघेवर ठेवला, मूठ आवळली आणि दुपारभर पट्ट्या कापत राहिलो. सात सांधे नख शिरणार नाही असे बसले. आठव्याने आ वासला. त्या फटीत तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवून सरकवली, तरी ती आत हलत होती.

शेजारच्या बांधकामावरचे मेस्त्री संध्याकाळी चहाला थांबले होते. त्यांनी चौकटीकडे पाहिलंच नाही. गेजचं डोकं मुठीत धरून डावीउजवीकडे हलवलं. खाचेत पट्टी टक्-टक् वाजली. "अंश काय बघताय साहेब? आधी हा खेळ काढा. नाही तर आहेच मग, भुसा आणि फेविकॉल."

त्यानंतर या विषयावर बरंच वाचलं, मोजलं, दोन गेज विकत घेतले, त्यातला एक कपाटात टाकून दिला. आणि फिरून त्या टक्-टक् आवाजापाशीच येऊन थांबलो. बाजारात गेज विकले जातात ते अंशांच्या नावावर. किती अंशांवर खटका आहे, किती दशांश वाचता येतात, वगैरे. सांधा बिघडवणारी गोष्ट बहुतेक वेळा खोक्यावर छापलेलीच नसते.

ज्यांनी ही वस्तू हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबल सॉच्या पाटावर पात्याच्या दोन्ही बाजूंना, पात्याला समांतर अशा खाचा असतात. त्यात सरकणारी एक पट्टी, पट्टीवर फिरणारं अर्धगोल डोकं, डोक्यावर अंशांच्या खुणा आणि पुढे लाकूड टेकवायची सपाट बाजू, म्हणजे गेजची फेन्स. लाकूड फेन्सला दाबून धरायचं आणि गेजसकट पात्याकडे ढकलायचं. फळी लांबीत चिरायला रिप फेन्स असते. आडवा किंवा तिरपा काप घ्यायचा तर मायटर गेज. १९३९ साली अमेरिकेत डेल्टा कंपनीचा युनिसॉ हा टेबल सॉ आला, त्याच्या सोबतचा गेज आणि आज खोक्यातून निघणारा गेज शेजारी ठेवले तर भावंडं वाटतील. बदल झाला तो वेगळे विकत मिळणाऱ्या गेजांमध्ये.

आता हिशेब. अंशाचा दहावा भाग चुकला तर ३०० मिमीवर अर्धा मिमी आणि ६०० मिमीवर साधारण एक मिमी फरक पडतो. कपाटातल्या फळीला हे खपून जातं. चौकटीला खपत नाही, कारण चौकटीत चूक साठत जाते. चार बाजूंच्या फोटोफ्रेमला आठ काप. प्रत्येक काप ०.१ अंशाने एकाच दिशेला चुकला तर शेवटच्या सांध्याशी ०.८ अंश जमा होतात. ६० मिमी पट्टीवर पंचेचाळीसचा काप ८५ मिमी लांब पडतो, म्हणजे फट जवळजवळ १.२ मिमी. षट्कोनाला बारा काप, अष्टकोनाला सोळा. हे भिशीसारखं आहे: प्रत्येक सांधा थोडं थोडं टाकतो आणि शेवटचा एकदम उचलतो.

म्हणून गेज निवडताना पहिला प्रश्न हा की ही चूक येते कुठून. तीन जागा आहेत: पट्टी आणि खाच यांच्यातली ढिलाई, डोक्याचा कोन, आणि फेन्सवर घसरणारं लाकूड. दुकानदार मधल्या जागेबद्दल बोलतो. माझ्या मते क्रम वर दिला तोच आहे.

पट्टीपासून सुरुवात करू. अमेरिकी घराण्याच्या टेबल सॉमध्ये खाच ३/४ इंच रुंद आणि ३/८ इंच खोल असते, म्हणजे १९.०५ आणि साडेनऊ मिमी. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक गेजांच्या पट्ट्या याच मापाच्या. पण सगळे सॉ या घराण्यातले नसतात. साइटवर नेण्याजोग्या छोट्या टेबल सॉमध्ये कंपन्या आपापली मापं ठेवतात, काही लहान बँडसॉची खाच ५/८ इंचाची असते आणि काही खाचा खालच्या बाजूला उलट्या 'टी'सारख्या रुंद असतात. त्यामुळे गेजची जाहिरात बघण्याआधी व्हर्नियर कॅलिपर घेऊन स्वतःच्या सॉची खाच मोजावी: रुंदी तीन ठिकाणी, खोली दोन ठिकाणी, आणि दोन्ही खाचांची वेगवेगळी. माझ्या सॉची खाच १९.०५ भरली, पट्टी १८.७५. तीन दशांश मिमीचा खेळ.

तीन दशांश म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पट्टी ४५० मिमी लांब असून पूर्ण खाचेत असती तर खरंच काही मोठं नव्हतं. पण छोट्या सॉमध्ये पाटाच्या पुढच्या कडेपासून पात्यापर्यंत जागाच कमी. रुंद लाकूड कापायला घेतलं की काप सुरू होताना पट्टीचा निम्म्याहून जास्त भाग बाहेर लोंबत असतो. १५० मिमी आत आणि ०.३ मिमी खेळ धरला तर डोकं प्रत्येक बाजूला ०.११ अंश फिरू शकतं. ढकलणारा हात एकच असल्याने ते दर वेळी एकाच बाजूला कलतं. सोळा कापांवर पावणेदोन अंशांहून जास्त. माझ्या आठव्या सांध्यातल्या एटीएम कार्डांपैकी दोन तरी इथून आली होती. सॉ जितका लहान तितका हा खेळ महाग पडतो, आणि आपल्याकडे हौशी माणसाच्या घरी बहुधा लहानच सॉ असतो.

याचा फुकटचा इलाज जुना आहे. पट्टी बाहेर काढा, कडेवर उभी शिकंज्यात धरा. सेंटर पंच कडेला टेकवून हातोडीचा एक ठोका. पंचाचं टोक रुततं आणि त्याच्याभोवती लोखंड केसभर उचलून येतं, उकळत्या दुधावर बुडबुडा यावा तसं. दोन्ही कडांना, दर ५० मिमीवर, नागमोडी असे ठोके मारत जायचं. पट्टी खाचेत घालून बघायची. अडली तर बारीक कानशीने तेवढाच उंचवटा घासायचा. मला पाऊण तास लागला. खेळ ०.३ वरून ०.०५ मिमीच्या खाली आला. पट्टी लोखंडाची असेल तर हा इलाज टिकतो. ॲल्युमिनियमवर उंचवटे झिजून जातात आणि काही महिन्यांत पुन्हा तेच.

विकतच्या गेजांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला आहे. काही पट्ट्यांत कडेला नायलॉनच्या टोकाचे छोटे स्क्रू असतात, ॲलन-कीने बाहेर आणायचे. काहींत स्प्रिंगवरच्या गोळ्या. टेक्सासमधल्या इन्क्रा कंपनीच्या पट्टीत फुगवता येणाऱ्या चकत्या असतात: स्क्रू आवळला की चकती दोन्ही बाजूंना पसरून खाचेच्या भिंतींना टेकते. स्प्रिंगच्या गोळ्यांवर माझा विश्वास नाही. हाताने हलवून बघताना पट्टी घट्ट वाटते. पण जड फळी ढकलताना स्प्रिंग दबते आणि गेज कलतोच. उलट चकत्या किंवा स्क्रू एकदा नीट लावले की विसरून जावं. खाच उलट्या 'टी'ची असेल तर पट्टीच्या टोकाला एक रुंद वॉशर लागतो, त्यामुळे गेज पुढे ओढून घेतला तरी पट्टी उचकटून वर येत नाही. लहान पाटावर ही सोय फार कामाची.

आता डोकं. सोबत मिळणाऱ्या गेजला सहसा शून्य आणि दोन्हीकडे पंचेचाळीस असे तीन ठरावीक थांबे असतात. बाकी सगळं काटा बघून. काही गेज सरळ कापाला शून्य म्हणतात, काही नव्वद. दोन कंपन्यांची अवजारं एकत्र वापरणाऱ्याने हे आधी बघून घ्यावं, मी एकदा तीसच्या जागी साठ कापून बसलो आहे. काट्यावर भरवसा ठेवण्यात आणखी एक अडचण: डोळा थोडा तिरका असला की रेघ सरकते, आणि एका रेघेची जाडीच पाव अंशाची असू शकते.

म्हणून खटक्यांचे गेज आले. इन्क्राच्या घरातला सगळ्यात साधा व्ही२७. नावातच आकडा: साठ अंशांपासून साठ अंशांपर्यंत दर पाच अंशांवर एक खाचा, हे झाले पंचवीस, आणि दोन्ही बाजूंचे साडेबावीस, मिळून सत्तावीस. खाचे 'व्ही' आकाराचे असतात आणि त्यात तशाच आकाराचा दात बसतो. हे महत्त्वाचं आहे. गोल भोकात गोल पिन जायची तर भोक पिनेपेक्षा थोडं मोठं लागतं, आणि तेवढी ढिलाई कायम राहते. पाचर मात्र दाबली की दोन्ही बाजूंना टेकते. त्यातही पिन फिरण्याच्या केंद्रापासून किती लांब आहे यावर सगळं अवलंबून. केंद्रापासून ६० मिमीवर पिनेत एक दशांश मिमी खेळ असेल तर तो जवळपास ०.१ अंश होतो. डोकं मोठं, थांबे परिघाच्या कडेवर, तर चूक तितकी लहान.

हेच सूत्र ऑनलाइन बाजारातल्या बिननावाच्या लाल-निळ्या ॲल्युमिनियमच्या गेजांना लावून बघावं. फोटोत ते देखणे दिसतात, किंमत नावाजलेल्या गेजच्या चौथाईच्या आसपास, वर लांब फेन्स आणि लांबी ठरवणारा स्टॉपरही मिळतो. मी घेतला त्याच्या पट्टीबद्दल तक्रार नव्हती. पण खटक्याची पिन भोकात घातल्यावर डोकं बोटाने हलत होतं, आणि पंचेचाळीसचा थांबा एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला नाही. मूठ आवळली की घट्ट बसायचं, पण कुठल्या अंशावर, ते दर वेळी निराळं. त्याची फेन्स मात्र सरळ होती. ती काढून मी जुन्या गेजला लावली. उरलेला गेज म्हणजे कपाटात गेलेला तोच. याच जातीचे काही गेज चांगले निघतातही. पण ते हातात घेऊन, पिन घालून, हलवून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ऑनलाइन घेताना तेच करता येत नाही.

खटक्यांचा एक तोटा कुणी सांगत नाही. सप्तकोनाला प्रत्येक काप १८० भागिले ७, म्हणजे २५.७१ अंश. पाचाच्या पाढ्यात हा आकडा कुठेच नाही, अर्ध्या अंशाच्या थांब्यातही नाही. अशा वेळी क्रेग कंपनीच्या गेजसारखी व्हर्नियर पट्टी उपयोगी पडते. त्यात ०, १०, २२.५, ३० आणि ४५ अंशांना थांबे आहेत आणि मधल्या कोनांसाठी दशांश अंश वाचता येतो. २५.७ वर ठेवला तर चौदा कापांवर मिळून ०.२ अंश राहतो, फेविकॉलला तेवढं पेलतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर किती जण सप्तकोन करतात? घरकामात लागणारे कोन मोजून चार: नव्वद, पंचेचाळीस, तीस आणि साडेबावीस.

ऑसबोर्न कंपनीचा ईबी-३ गेज यांच्यापेक्षा वेगळ्या वाटेने जातो. त्यात फेन्स एका छोट्या डोक्यावर तोललेली नसून लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकापासून एक तिरका हात येऊन तिला धरतो. म्हणजे त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोण हलत नाही हे छपराच्या कैच्या बांधणाऱ्याला सांगायला नको. कोन धरून ठेवणारा बिंदू केंद्रापासून लांब गेल्याने बारीक चूक बारीकच राहते. वस्तू मात्र मोठी. छोट्या पाटावर ती वापरायची म्हणजे एका खोलीत सोफासेट लावण्यासारखं.

या सगळ्यांत डोक्याचा कोन लावायला सर्वात स्वस्त साधन घरातच असतं. शाळेच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात, एक पंचेचाळीसचा आणि एक तीस-साठचा. कडा न झिजलेला, जरा मोठा, नकाशे काढणारे वापरतात तसला गुण्या घ्या. सॉचा प्लग सॉकेटमधून काढा, पातं पूर्ण वर करा, गुण्याची एक बाजू पात्याच्या सपाट भागाला लावा (दातांना नव्हे, दात बाहेर वळलेले असतात) आणि दुसरी बाजू गेजच्या फेन्सला. पलीकडे विजेरी धरली की फट दिसते. लोखंडी गुण्या वापरणार असाल तर आधी तोच तपासा: सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ मारा, उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन रेघांत जेवढं अंतर पडेल त्याच्या निम्मी गुण्याची चूक. माझा हार्डवेअरच्या दुकानातला गुण्या या परीक्षेत नापास झाला आणि आता तो फक्त पॉलिशचे डबे उघडायला वापरतो.

गेजच्या आधी सॉ तपासावा, हे खरं तर वरच सांगायला हवं होतं. पातं खाचेला समांतर नसेल तर जगातला कुठलाही गेज नीट कापणार नाही. पात्याच्या एका दाताला मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून खाचेच्या कडेपासून अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. पातं पाटाला काटकोनात आहे का तेही बघा. नसेल तर सांधा वरून मिटलेला दिसतो आणि खालून उघडा. बोथट पात्याने कापलं तर ते लाकडात वाकतं आणि शिव्या गेजला बसतात.

तिसरी जागा फेन्सची. सोबत आलेल्या गेजचं डोकं साधारण वीतभर रुंद असतं. ६०० मिमीची पट्टी त्याला टेकवून कापताना ती टोकाशी डोलते. पंचेचाळीसच्या कापात तर पातं लाकडाला फेन्सवरून हळूच ओढत नेतं. काप संपेपर्यंत अर्धा मिमी सरकलेलं असतं आणि कळतही नाही. यावर उपाय म्हणजे डोक्यातल्या भोकांतून स्क्रू घालून बसवलेली ५०० ते ६०० मिमी लांब, सरळ, प्लायची पट्टी. समोरून १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. पट्टी पात्यापलीकडे थोडी जाऊ द्या, पहिल्या कापात तिचं टोक कापलं जातं आणि पुढच्या प्रत्येक कापाला मागून आधार मिळतो, लाकडाची चिरफळी उडत नाही. शिवाय कापाची जागा नेमकी दिसते. एवढ्या पन्नास-शंभर रुपयांच्या कामाने जे साधतं ते काही महागड्या गेजच्या ॲनोडाइज्ड फेन्सनेही साधत नाही, कारण ॲल्युमिनियम गुळगुळीत असतं.

विकतच्या फेन्सचा खरा फायदा वर उचलता येणाऱ्या स्टॉपरचा. फोटोफ्रेममध्ये समोरासमोरच्या बाजू एकमेकींना तंतोतंत सारख्या नसतील तर कोन कितीही बरोबर असो, चौकट मिटत नाही. बरेच जण कोनाला दोष देतात आणि चूक लांबीची असते. स्टॉपर असेल तर समोरासमोरच्या पट्ट्या एकाच जागी टेकतात. फेन्सवरच्या मापपट्टीवर मात्र विसंबू नका. कोन बदलला की फेन्स सरकवावी लागते आणि मापाचं शून्य हलतं. घरच्या फेन्सला शिकंज्याने लावलेला लाकडाचा ठोकळाही स्टॉपरचं काम करतो. ठोकळ्याचा खालचा कोपरा किंचित कापून ठेवा, तिथे भुसा साठतो आणि चौथी पट्टी पहिलीपेक्षा आखूड पडते.

इथे थोडं विषयांतर, पण त्याशिवाय दशांश अंशांचं वेड उतरत नाही. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. पंचेचाळीसच्या कापात रुंदी आणि लांबी दोन्ही आलेल्या असतात, म्हणून पट्टी फुगली की कापाचा कोनच बदलतो. रुंदी एक टक्का वाढली तर प्रत्येक तुकड्यावर ०.२९ अंश. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे यांच्यात सागासारखं शांत लाकूडही एवढं हलू शकतं. पावसाळ्यात सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो, उन्हाळ्यात आतल्या. मग अंशाचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या गेजसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात काय अर्थ? अर्थ एवढाच की कापताना चूक शून्य असेल तर ऋतूची चूक दोन्हीकडे सारखी वाटली जाते. पण लाकूड नीट सुकवण्यावर घातलेले पैसे त्याहून कामी येतात. प्लायला हा त्रास नाही.

आता गेज न घेण्याच्या वाटा. घरचा फर्निचरवाला किंवा साइटवरचे सुतार ज्यावर काम करतात ते टेबल म्हणजे बहुधा प्लायच्या पाटाखाली उलटा बसवलेला हातातला कटर. त्याला खाच नसतेच. आडवा काप ते गुण्याने रेघ मारून, पट्टी शिकंज्याने आवळून, सरळ कटरनेच घेतात, आणि वर्षानुवर्षांच्या हाताने तो सरळ येतोही. अशा टेबलाला गेज लावायचा तर पाटात ॲल्युमिनियमचा तयार ट्रॅक बसवावा लागतो, पात्याला समांतर. हे करण्याइतका वेळ असेल तर मी स्लेड करायला सांगेन.

स्लेड म्हणजे पाटावर सरकणारा प्लायचा आणखी एक पाट. खालून दोन्ही खाचांत जाणाऱ्या दोन पट्ट्या, पुढे-मागे दोन उभ्या फेन्स. दोन पट्ट्या असल्याने एक डाव्या भिंतीला आणि दुसरी उजव्या भिंतीला घासून बसवता येते, खेळ उरतच नाही. लाकूड पाटावर घसरत नाही, स्लेडबरोबर चालतं. काटकोनाच्या कापात विकतचा कुठलाही गेज नीट केलेल्या स्लेडची बरोबरी करत नाही. लाकडी पट्ट्या मात्र जूनमध्ये अडकतात आणि फेब्रुवारीत खुळखुळतात. माझ्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डमधून चिरलेल्या आहेत. पाण्याने फुगत नाहीत, मेणासारख्या सरकतात. बोर्ड कुणाचा होता हे घरात अजून विचारलं जातं.

फोटोफ्रेमच करायच्या असतील तर स्लेडवर दोन फेन्स इंग्रजी 'व्ही'सारख्या, एकमेकींशी बरोबर नव्वद अंशांत बसवाव्यात. सांध्याचा एक तुकडा डाव्या फेन्सवर कापायचा, दुसरा उजव्या. डावीकडे ४५.२ झाले तर उजवीकडे आपोआप ४४.८ होतात आणि बेरीज नव्वदच राहते. गेजचा कोन पंचेचाळीस असावा लागत नाही. दोन फेन्समधला कोन नव्वद असला की पुरे, आणि नव्वद तपासणं सर्वात सोपं. ही युक्ती कळल्यावर मला गेजवर केलेल्या खर्चाचं थोडं वाईट वाटलं.

मोठ्या कामाला वाट आणखी वेगळी. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली सरकत्या टेबलाचा सॉ बांधला, आणि आज मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात ज्याला पॅनल सॉ म्हणतात तो त्याच कुळातला. तिथे पाटच सरकतो, मायटर गेजचा प्रश्नच मिटतो. चौकटी विकणारे काही दुकानदार तर सॉच वापरत नाहीत. डेन्मार्कच्या मोर्सोसारखं पायाने दाबायचं यंत्र दोन पाती एकदम खाली आणतं आणि बीडिंग पट्टीचा कोपरा कापून देतं. लांब आणि अवजड पट्ट्यांना मायटर सॉ बरा, कारण तिथे लाकूड जागेवर राहतं आणि पातं खाली येतं. सहा फूट पट्टी छोट्या टेबल सॉच्या गेजवर धरून ढकलणं म्हणजे लग्नातली सतरंजी एकट्याने घडी करण्यासारखं आहे.

गेज कुठलाही असो, एक परीक्षा घ्यावी. कॅलिफोर्नियातल्या विल्यम एनजी यांनी ती व्हिडिओतून जगभर पोहोचवली, नाव पाच काप. ४०० मिमीचा चौकोनी प्लाय घ्या. एक कड कापा, कापलेली कड फेन्सला लावून दुसरी, अशा चारही बाजू. पाचव्या वेळी पहिली कड पुन्हा कापून बोटभर रुंद पट्टी काढा. त्या पट्टीची दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा. समजा एक टोक २५.६० आणि दुसरं २५.२० मिमी. फरक ०.४०, चाराने भागला तर ०.१०. म्हणजे ४०० मिमीला एक दशांश मिमी चूक, अंशात सांगायचं तर दीड शतांश. चूक चौपट होऊन समोर येते हीच या परीक्षेची गंमत. एका कापात ती डोळ्याला दिसलीच नसती. खोक्यावरचा अचूकतेचा दावा वाचण्यापेक्षा ही वीस मिनिटं द्यावीत.

एक गोष्ट मात्र परीक्षा घेऊन शिकायची नाही. मायटर गेज आणि रिप फेन्स एकाच कापात वापरू नयेत. तुकडा पातं आणि रिप फेन्स यांच्यात अडकला, किंचित फिरला, की पातं तो तुमच्या पोटाकडे फेकतं. एकाच मापाचे तुकडे हवे असतील तर रिप फेन्सला पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा लावा, लाकूड त्याला टेकवा, आणि काप सुरू होईपर्यंत ते ठोकळ्यापासून सुटलेलं असेल असं बघा. पातं तिरकं केलं असेल तर ते ज्या बाजूला झुकलंय त्याच्या उलट बाजूच्या खाचेत गेज घाला.

मग घ्यावं काय? सॉ नवा असेल तर काहीच घेऊ नका. सोबतच्या गेजला पंचाने घट्ट करा, लांब फेन्स लावा, एक स्लेड करा आणि सहा महिने काम करा. तेवढ्यात कळेल की आपण चौकटी करतो, डबे करतो की नुसत्या फळ्या कापतो. तिरपे काप वारंवार लागत असतील तर मी व्ही२७ सारखा गेज घेईन. त्याला फेन्स मिळत नाही, पण फेन्स आपल्याकडे आधीच झालेली असते. पैसे पट्टी आणि खाच्यांवर जातात, म्हणजे योग्य जागी. परदेशातून मागवायचा तर कुरिअर आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा, आणि अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या सामानात जागा मिळते का तेही विचारावं. वजन पेलण्याजोगं आहे. विचित्र कोन लागत असतील, कलाकुसरीचे डबे, सप्तकोन वगैरे, तर व्हर्नियरवाला. मोठा सॉ आणि रुंद फळ्या असतील तर त्रिकोणी हाताचा. आणि सॉची खाच नेहमीच्या मापाची नसेल तर यातला कुठलाही घेण्याआधी त्याची पट्टी बदलून मिळते का ते बघावं. माझ्या ओळखीतल्या एकाने गेज आधी मागवला, मग दोन दिवस पट्टी कानशीने घासत बसला.

अष्टकोनी चौकट मी पुन्हा कापली, त्याच जुन्या गेजवर, पट्टीला ठोके मारून आणि पॉलिशपेपर लावून. आठवा सांधा मिटला. आरसा आता दिवाणखान्यात आहे. जुलैत मेस्त्री आले होते, त्यांनी बाहेरच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं आणि जरा थांबले. "उघडलाय थोडा," म्हणाले. "राहू द्या. मार्चमध्ये आतून उघडेल."